रिपोर्ट नॉर्मल आला, पण जिना चढवेना : हायपरथायरॉईडच्या उपचारानंतरचे महिने

गोळ्या सुरू होऊन अडीच महिने झाले होते. डॉक्टरांनी रिपोर्टवर नजर टाकली, "छान, टी४ जागेवर आलं," म्हणाले (टी४ म्हणजे थायरॉईड ग्रंथीचं मुख्य हार्मोन) आणि ते हार्मोन आवरणाऱ्या कार्बिमाझोल या गोळीचा डोस निम्मा केला. मी खुशीत रिक्षाने घरी आले. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या दाराशी भाजीची पिशवी टेकवली आणि कठडा धरून उभी राहिले. मांड्या पुढे उचलेनातच. काकूंनी दार उघडलं, म्हणाल्या, "काय गं, आता बरं आहे ना तुला?" हो म्हणावं की नाही, मला कळेना.

ज्यांना नुकताच हायपरथायरॉईड (म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन सोडते तो आजार) निघालाय, उपचार सुरू झालेत आणि "मग अजून बरं का वाटत नाही?" हा प्रश्न पडलाय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, रुग्ण आहे. डोस ठरवणं त्यांचं काम. पण दोन भेटींच्या मधले सहा आठवडे आपले आपल्यालाच काढायचे असतात आणि त्या सहा आठवड्यांबद्दल कुणी फारसं सांगत नाही.

मला जे उशिरा कळलं ते आधीच सांगते. शरीर एकाच दिवशी सगळीकडून बरं होत नाही. आधी नाडी शांत होते, मग टी३-टी४ ही ग्रंथीची हार्मोन्स खाली येतात, त्यानंतर कधीतरी टीएसएच, म्हणजे ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, हलतं. मांड्या, केस, झोप, मन हे सगळे मागून रांगेत. डोळ्यांचं तर घड्याळच वेगळं. "रिपोर्ट नॉर्मल" हे या रांगेतलं दुसरं-तिसरं स्टेशन आहे, शेवटचं नाही.

पहिलं काम : आजाराचं नाव कागदावर लिहून घ्या

आपल्याकडे "थायरॉईड आहे" एवढंच म्हणतात. त्यातून "थायरॉईड वाढलंय" म्हणजे बहुतेक वेळा टीएसएच वाढलेलं असतं, म्हणजे ग्रंथी मंद पडलेली असते. आपलं नेमकं उलटं. आपलं टीएसएच तळाला गेलेलं असतं आणि ग्रंथी अतिकाम करत असते. त्यामुळे सोसायटीतल्या प्रत्येक "मलाही थायरॉईड आहे"वालीचा सल्ला दुसऱ्याच आजाराचा असतो. मला दोघींनी त्यांच्या सकाळच्या गोळीचं नाव आपुलकीने लिहून दिलं होतं. ती होती थायरॉक्सिनची, म्हणजे माझ्या रक्तात आधीच उतू चाललेल्या हार्मोनची!

म्हणून डॉक्टरांना विचारा: कारण काय आहे? ग्रेव्ह्ज डिसीज, ग्रंथीतली गाठ, की थायरॉयडायटिस म्हणजे ग्रंथीची सूज? सूज असेल तर साठवलेलं हार्मोन नुसतं बाहेर सांडत असतं. तिथे कार्बिमाझोलचा उपयोग नसतो आणि बहुधा काही महिन्यांत ते आपलं आपण निवळतं. ग्रेव्ह्जमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती ग्रंथीला टोचणी लावत राहते, म्हणून उपचार लांबतो. (डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज या डॉक्टरांनी १८३५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं म्हणून हे नाव. आमच्या भाच्याने 'ग्रेव्ह म्हणजे कबर' असा अर्थ सांगून सासूबाईंची दोन दिवस झोप उडवली होती.)

मग रिपोर्ट वाचायला शिका

कार्बिमाझोल नवं हार्मोन बनणं थांबवते. पण ग्रंथीच्या गोदामात आधीचा काही आठवड्यांचा माल पडलेला असतो, तो संपेपर्यंत रक्तात येत राहतो. शिवाय रक्तात आलेलं टी४ निम्मं व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. त्यामुळे पहिल्या तीन-चार आठवड्यांत फारसा फरक वाटला नाही तर गोळी लागू पडत नाही असं समजू नका. या काळात धडधड आणि हातांचा कंप आवरायला प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देतात. तिने दोन-चार दिवसांतच हायसं वाटतं, मात्र ती ग्रंथी बरी करत नाही. दमा असेल तर ती घेण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, आणि बरं वाटलं म्हणून ती एकदम बंद करायची नाही.

आता टीएसएच. हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. रक्तात महिनोन्‌महिने हार्मोनचा पूर असल्याने पिट्युटरी झोपी गेलेली असते. टी४ नॉर्मल झाल्यावरही तिला जाग यायला कित्येक आठवडे, कधी कधी काही महिने लागतात. म्हणून रिपोर्टात टीएसएच ०.०१ दिसलं तरी लगेच हातपाय गाळू नका. सुरुवातीच्या महिन्यांत खरी गोष्ट फ्री टी४ (रक्तात मोकळं फिरणारं टी४) आणि टी३ सांगतात. लॅबमध्ये फक्त टीएसएच तपासून आलात तर ती चाचणी जवळजवळ वाया गेली. आणि कुणी नुसतं टीएसएच बघून गोळी वाढवायला निघालं, तर "टी४ किती आहे?" हे विचारायला लाजू नका. गोळी जास्त झाली की माणूस दुसऱ्या टोकाला जातो: थंडी वाजते, बद्धकोष्ठ होतं, सकाळी चेहरा सुजल्यासारखा वाटतो, पोटऱ्यांत गोळे येतात. असं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता चाचणी आधी करून घ्यावी.

बायोटिनचंही इथेच सांगते. या आजारात केस गळतात, मग कुणीतरी केसांची गोळी सुचवतं. अशा अनेक गोळ्यांत बायोटिन भरपूर असतं आणि ते काही मशीनवरच्या चाचण्या फसवतं. टीएसएच खोटं कमी, टी४ खोटं जास्त, म्हणजे अगदी हायपरचा हुबेहूब रिपोर्ट! चाचणीच्या निदान दोन दिवस आधी ती बंद ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. शक्यतो दर वेळी एकच लॅब.

एक वही करा

साधी शंभर पानी. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, अंथरुणात बसूनच मनगटावर नाडी मोजायची, पूर्ण एक मिनिट. आकडा आणि तारीख. आठवड्यातून एकदा वजन. त्याखाली एक ओळ: आज जिना किती थांबे घेऊन चढले, झोप किती, चिडचिड किती. प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर तेही लिहा, कारण ती नाडी दाबून ठेवते आणि ती बंद झाली की आकडा थोडा चढलेला दिसू शकतो.

माझी नाडी पहिल्या पानावर ११२ होती. दोन महिन्यांनी ८०च्या आत आली. त्याच पानावर "जिना: दोन थांबे" असं लिहिलंय. वही नसती तर मी डॉक्टरांना "काहीच फरक नाही हो" एवढंच सांगितलं असतं आणि ते खोटं ठरलं असतं. नाडी मोजताना ठोके वेडेवाकडे पडत असतील, दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं नसेल, तर ईसीजी काढून घ्या. या आजारात हृदयाची लय बिघडू शकते, विशेषतः साठीनंतर.

ताप आणि घसा : इथे वाट बघायची नाही

या एका गोष्टीची चिठ्ठी लिहून औषधांच्या डब्याच्या झाकणावर चिकटवा. घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा.

कार्बिमाझोलमुळे क्वचित, अगदी थोड्या जणांच्या बाबतीत, पांढऱ्या पेशी अचानक धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. बहुतेकदा हे पहिल्या तीन महिन्यांत होतं, पण नंतरही होऊ शकतं. खूण म्हणजे ताप, घसा खूप दुखणं, तोंडात फोड. पावसाळ्यात आपल्या घरांत ताप-घसा नवा नाही. आपण पॅरासिटामॉल घेतो, मिठाच्या गुळण्या करतो आणि दोन दिवस बघतो. ही गोळी चालू असताना तसं करायचं नाही. गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याची चाचणी, करायची, रविवार असला तरी. तपासणाऱ्या डॉक्टरांना कार्बिमाझोल चालू आहे हे तोंडाने सांगायचं, कारण नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांच्या लक्षात ते असेलच असं नाही. पेशी ठीक निघाल्या तर गोळी परत सुरू होते, एवढंच. मी दोनदा असं केलं, दोन्ही वेळा साधा व्हायरल निघाला. ते पैसे मला फुकट गेल्यासारखे वाटत नाहीत.

डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, अंगभर खाज आणि भूक मरणं हेही लगेच कळवायचं. नुसतं बारीक पुरळ किंवा थोडी खाज बऱ्याच जणांना येते आणि ती साध्या औषधाने आवरते.

मूल होण्याचं वय असेल तर अजून एक. कार्बिमाझोल गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत बाळाला अपाय करू शकते. नियोजन आधी बोलून घ्या, आणि पाळी चुकली तर त्याच दिवशी चाचणी करून डॉक्टरांना फोन करा. बाळाच्या विचाराने गोळी परस्पर बंद करणंही तितकंच चुकीचं. तेव्हा औषध बदलतात.

मांड्या

हे कुणीच सांगत नाही म्हणून थोडं सविस्तर. जास्तीचं हार्मोन स्नायू खातं, आणि ते खातं मोठे, धडाजवळचे स्नायू: मांड्या, नितंब, खांदे, दंड. म्हणून सपाट रस्त्यावर चालता येतं, पण जिना चढवत नाही. मांडी घालून जेवायला बसलं की उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. भारतीय पद्धतीच्या संडासात उठताना कडीचा आधार लागतो. वेणी घालताना हात वर राहत नाहीत. मला वाटायचं ही माझी आळशी सवय झाली. तसं नव्हतं. स्नायू खरोखर कमी झाले होते आणि ते परत भरायला टी४ नॉर्मल झाल्यापासून पुढे काही महिने लागतात.

काय करायचं? टी४ जास्त आणि नाडी पळत असेपर्यंत व्यायामाचा उत्साह नको. घरातल्या घरात चालणं पुरे. जिम, सूर्यनमस्कार, ट्रेक, सगळं लांब ठेवा. नाडी शांत झाली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की खुर्चीपासून सुरुवात करा. हात छातीशी बांधून खुर्चीवरून उठायचं, बसायचं. मी सलग तीन वेळा उठू शकले तो दिवस वहीत लाल पेनाने लिहिलेला आहे. दर आठवड्याला एक-दोन वाढवत नेलं. जिना एका वेळी एकच मजला. जेवणात प्रथिनं मुद्दाम वाढवली: दोन वाट्या घट्ट वरण, मोड आलेली मटकी, अंडी, दही. भात-पोळीने पोट भरतं, मांडी भरत नाही.

संडासात आणि जिन्याच्या वळणावर एक-एक दांडी बसवून घ्या. लाज कसली त्यात, वर्षभराने आजीच्या कामाला येतेच.

पुरुष वाचकांसाठी एक इशारा. आशियाई तरुण पुरुषांमध्ये हायपरथायरॉईडसोबत कधी कधी अचानक पाय, मग हातही लुळे पडतात. बहुधा रात्री किंवा पहाटे, आदल्या दिवशी लग्नातलं भरपेट गोडधोड किंवा खूप श्रम झालेले असताना. रक्तातलं पोटॅशियम एकदम खाली गेलेलं असतं. सकाळपर्यंत थांबायचं नाही, थेट इस्पितळ.

हाडांचंही थोडं. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, आपल्याकडे ते बहुतेकांचं कमीच निघतं. उपचार चालू असताना लिव्हरच्या रिपोर्टात अल्कलाईन फॉस्फेटेज हे एन्झाइम थोडं वाढलेलं दिसलं तर दर वेळी ते लिव्हरचंच नसतं. झिजलेली हाडं परत बांधली जात असतानाही ते वाढतं. कशामुळे ते डॉक्टरांना ठरवू द्या.

भूक, वजन आणि वाटेत भेटणारी चूर्णं

आजारात मी पाच पोळ्या खाऊन बारीक होत होते. गोळीने चयापचय जागेवर आणलं, पण पाच पोळ्यांची सवय तशीच राहिली. वजन वाढण्याचं मोठं कारण हे. गेलेलं वजन परत येणारच, ते आपलंच होतं, स्नायूही त्यातच. त्याच्याही पुढे जायला लागलं की ताट बघा. टी४ खाली यायला लागलं त्याच आठवड्यात मी एक पोळी कमी करून तिच्या जागी कोशिंबीर वाढली, तेवढ्याने बराच फरक पडला. वजन कमी राहावं म्हणून गोळी चुकवणारे लोक असतात. कृपा करून तसं करू नका, त्यात हृदय आणि हाडं जातात.

आयोडीनयुक्त मीठ बदलायची गरज नाही. टाळायचं ते समुद्री शेवाळाचं केल्प आणि "थायरॉईड सपोर्ट" म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरी, कारण त्यांत आयोडीन किती आहे याचा पत्ता नसतो. सीटी स्कॅनच्या आधी इंजेक्शनने देतात त्या औषधातही आयोडीन असतं, तेव्हा तिथे आजार सांगा. आणि अश्वगंधा! अशक्तपणा दिसला की घरोघरी पहिली आठवते ती हीच. पण ती थायरॉईडचं हार्मोन वाढवू शकते, म्हणजे आपल्या बाबतीत आगीत तेल. मावशीने प्रेमाने पाठवलेला डबा मी अजून उघडलेला नाही.

डोकं आणि घरातली माणसं

हार्मोन जास्त असताना माणूस चिडतो, रडतो, रात्री दोनला उठून कपाट आवरतो. तेव्हा घरचे समजून घेतात, कारण रिपोर्ट वाईट असतो. खरी अडचण रिपोर्ट चांगला आल्यावर सुरू होते. "आता तर सगळं नॉर्मल आहे, मग का चिडतेस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी यांना घेऊनच डॉक्टरांकडे गेले आणि डॉक्टरांच्या तोंडून वदवलं की मनाला सावरायला आकड्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. बायकोचं पटत नाही ते डॉक्टरांचं पटतं, असो.

कामाचं म्हणाल तर बरं वाटल्याच्या पहिल्या आठवड्यात सगळी कामं परत अंगावर घेऊ नका. मी घेतली आणि पंधरा दिवस अंथरुणाला खिळले. ऑफिसात डॉक्टरांचं पत्र देऊन काही दिवस उशिरा येण्याची किंवा बसून करायच्या कामाची परवानगी मागता येते. दुपारनंतर चहा-कॉफी बंद केली तर झोपेला खरंच मदत होते. उदासी किंवा भीती आठवड्यांमागून आठवडे राहिली, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर "थायरॉईडमुळेच असेल" म्हणून गप्प बसू नका. त्याचे वेगळे उपचार आहेत आणि ते थायरॉईडच्या गोळीबरोबर चालतात.

केस? गळतात, उपचार सुरू झाल्यावरही दोन-तीन महिने गळतात, मग परत येतात.

डोळे

ग्रेव्ह्जमध्ये काही जणांचे डोळे पुढे येतात, लाल होतात, वाळू गेल्यासारखे खुपतात. थायरॉईड आटोक्यात आलं तरी डोळ्यांची सूज आपल्या गतीने चालते, कधी वर्ष-दीड वर्ष, कधी जास्त. तोवर कृत्रिम अश्रूंचे थेंब, बाहेर पडताना गॉगल, उशीखाली आणखी एक उशी. सिगारेट-विडी सोडा. ओढणाऱ्यांचे डोळे जास्त बिघडतात आणि उपचारालाही कमी दाद देतात. एकाचे दोन दिसणं, रंग फिके वाटणं, डोळ्यामागे दुखणं, झोपेत पापणी पूर्ण न मिटणं, यातलं काहीही झालं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लगेच जा.

आयोडीन घेतलं असेल किंवा ऑपरेशन झालं असेल तर

किरणोत्सारी आयोडीनचा उपचार १९४१ पासून चालत आलेला आहे. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, तिथे थायरॉईडच्या रुग्णांवर हा उपचार होतो. इतर मोठ्या शहरांतही न्यूक्लिअर मेडिसिन विभागांत होतो. एक डोस, पाण्यासारखा किंवा कॅप्सूल. वेदना नाही. पण परिणाम दिसायला दीड-दोन ते सहा महिने लागतात आणि पहिल्या काही आठवड्यांत हार्मोन उलट थोडं वाढूही शकतं. लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून किती दिवस लांब राहायचं ते डोसवर अवलंबून असतं, तेव्हा तिथून मिळालेला कागद पाळा, दुसऱ्या कुणाचा अनुभव नको. बायकांनी पुढचे सहा महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत. डोळ्यांचा त्रास असेल तर आयोडीन घेण्याआधी सांगा, तो वाढू शकतो.

पुढे बहुतेकांची ग्रंथी मंद पडते आणि थायरॉक्सिन सुरू होतं. याला उपचार फसला म्हणत नाहीत, बहुधा तेच अपेक्षित असतं. फक्त ते वेळेत ओळखायला हवं, म्हणून दर चार-सहा आठवड्यांनी चाचणी.

ऑपरेशननंतर पहिल्या दिवसांत ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम घसरलेलं असू शकतं. त्याच दिवशी फोन करा.

थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर आणि नंतर अर्धा ते एक तास चहाही नाही. हे "चहाही नाही" सगळ्यात अवघड. गोळी उशाशी ठेवा, पहाटे जाग आली की घ्या आणि परत झोपा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब. डोस बदलला की टीएसएच सहा-आठ आठवड्यांनी बघायचं, त्याआधी बघून उपयोग नाही.

गोळी बंद होते तेव्हा

कार्बिमाझोल साधारण बारा ते अठरा महिने चालते. बंद करण्याआधी टीएसएच रिसेप्टर अँटीबॉडीची (ग्रेव्ह्जमध्ये ग्रंथीला टोचणी लावतात त्या प्रथिनांची) चाचणी करून घेण्याबद्दल विचारा. ती निगेटिव्ह असेल तर आजार उलटण्याची शक्यता कमी. तरीही गोळ्यांनी बरे झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांचा ग्रेव्ह्ज परत येतो, बहुतेक पहिल्या वर्षात. बाळंतपणानंतरचे महिनेही जपायचे असतात. परत आला तर पुन्हा गोळ्या, बरीच वर्षं कमी डोसवर राहणं, आयोडीन किंवा ऑपरेशन, हे सगळे रस्ते खुले असतात.

गोळी बंद झाल्यावर वर्षभर दर दोन-तीन महिन्यांनी चाचणी, मग वर्षातून एकदा. मधल्या काळात वही चालू ठेवा, रोज नको, रविवारी सकाळी पुरे. माझी शेवटची नोंद ७४ आहे. खाली लिहिलंय, "भाजी घेऊन दुसरा मजला, थांबा नाही. काकूंच्या दारावर टकटक केली, त्या बाहेर गेल्या होत्या."